कार्तिक सरेपर्यंत पोळ्याला हात लावू नका

घट बसले की आंदर मावळात गवत कापायच्या मशिनांची घरघर सुरू होते. कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे वळलं की थेट ठोकळवाडी धरणाच्या काठापर्यंत तोच आवाज कानावर येतो. चार महिने बंगल्याकडे कुणी फिरकलेलं नसतं. गवत कंबरेला लागलेलं असतं, कुंपणावर घाणेरी चढलेली असते, आणि दसऱ्याला मालक मंडळी येणार म्हणून माळ्याची धांदल उडालेली असते. नेमक्या याच दिवसांत आमच्याकडे गांधीलमाश्या माणसं फोडून काढतात.

म्हणून ही कळकळीची विनंती. पुढचे सात-आठ आठवडे, कार्तिक सरेपर्यंत, बागेतल्या, पडवीतल्या किंवा बांधावरच्या गांधिलाच्या पोळ्याला काठी लावू नका, दगड मारू नका, त्याच्यावर पाण्याचा फवारा सोडू नका आणि जळता बोळा तर मुळीच धरू नका. आणि हे काम दुसऱ्या कुणाला सांगूही नका. ही शेवटची विनंती पहिल्यापेक्षा मोठी आहे, कारण आमच्या खोऱ्यात पोळं काढायचा हुकूम देणारा एक असतो आणि शिडीवर चढणारा दुसराच असतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वरच्या अंगाला एक बंगला आहे. त्याची राखण करणारे मामा साठीच्या पुढचे. शुक्रवारी मालकांचा पुण्यातून फोन आला, "मामा, जांभळीवर ते पोळं आहे ना, उद्या पोरं येणारेत, आजच्या आज जाळून टाका." मामांनी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. दिवस मावळताना त्यांनी बांबूला गोणपाट गुंडाळलं, डिझेलमध्ये बुडवलं, पेटवलं आणि शिडी लावली. अर्धं पोळं पेटलं. उरलेल्या अर्ध्यातल्या माश्या बांबूच्या रोखानंच खाली आल्या. मामा शिडीवरून पडले, घोटा मोडला, आणि पडल्या जागी त्यांना वीस-बावीस डंख बसले. रात्री कुणीतरी चुना लावला, कुणी हळद लावली. सकाळी लघवी लालसर झाली, हे त्यांनी लाजेपोटी दुपारपर्यंत कुणाला सांगितलंच नाही. पुढं दवाखान्यात आठ-दहा दिवस गेले. मामा वाचले. बिल मालकांनी भरलं, हे सांगायलाच हवं. पण बिल भरता येतं, डंख वाटून घेता येत नाहीत.

आता हे याच दिवसांत का होतं?

गांधिलाचा संसार उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाच्या तोंडावर एखाद-दुसऱ्या मादीपासून सुरू होतो. वाळलेल्या लाकडाचा, कुंपणाच्या जुन्या खांबाचा चोथा ती तोंडानं खरवडते, लाळेत मळते आणि त्याचा कागद करून घरं बांधते. आषाढात ते पोळं मुठीएवढं असतं. पानांच्या आड ते दिसत नाही आणि दिसलं तरी कुणी मनावर घेत नाही. भाद्रपद-अश्विनात माश्यांची संख्या शिगेला पोचते. म्हणजे आपण बागेत उतरतो तेव्हा राखायला त्यांच्याकडे सगळ्यात जास्त असतं आणि राखणदारही सगळ्यात जास्त असतात.

त्यात आणखी एक गंमत आहे, जी मला फार उशिरा कळली. मोठी माशी अळ्या, किडे मारून आणते, पण ते मांस ती स्वतः खात नाही. चावून पोळ्यातल्या पिल्लांना भरवते, आणि पिल्लं त्या बदल्यात तिला गोड रस देतात. तिचं स्वतःचं पोट त्या रसावर चालतं. हंगाम सरत आला की पिल्लं कमी होतात आणि हा गोड खुराक आटतो. मग ती बाहेर साखर शोधत हिंडते. पिकलेलं सीताफळ, झाडाखाली कुजत पडलेले पेरू, फराळाचं ताट, सरबताचा पेला, सगळीकडे ती येते. श्रावणात तुमच्याकडे ढुंकूनही न पाहणारी माशी कोजागिरीला दुधाच्या भांड्यावर का घोंघावते, त्याचं उत्तर हे आहे. ती तुमच्या वाटेला येत नाही, ती उपाशी आहे. पण ग्लासातल्या सरबताबरोबर ती घशात गेली आणि आतून डसली, तर सुजेनं श्वास कोंडू शकतो. तेव्हा बागेत बसून गोड पिताना पेला झाकून ठेवा आणि पिण्याआधी आत पाहा. झाडाखालची पडकी फळं रोज उचला आणि खड्ड्यात टाकून वर माती ओढा. एवढ्यानंही अर्धी वर्दळ कमी होते.

हे फक्त मावळातलं म्हणावं तर तसंही नाही. चीनमधल्या शान्शी प्रांतात, आन्कांग आणि आसपासच्या भागात, २०१३ साली जुलै ते ऑक्टोबर या काळात गांधीलमाश्यांच्या हल्ल्यांत चाळीसच्या वर माणसं गेली आणि दीड हजाराहून जास्त जखमी झाली. तिथली माशी आपल्यापेक्षा मोठ्या जातीची, पण हंगाम हाच. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये उत्तराखंडच्या टिहरी भागात गुरं चारायला गेलेल्या बापलेकाचा असाच अंत झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात केरळच्या कोट्टायम जिल्ह्यात मुंडक्कयमजवळ एक अतिवृद्ध आई आणि तिची लेक घराच्या आवारातच माश्यांच्या तावडीत सापडल्या. महिने बघा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर.

काठी उचलण्याआधी समोर कोण आहे ते तरी ओळखा. आमच्याकडे पाचही जणांना एकच नाव देऊन जाळून टाकायची रीत पडली आहे. भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत, कधी जुन्या छत्रीच्या घडीत मातीचं चिमुकलं गाडगं दिसलं तर ती कुंभारीण. तिला राखायला फौज नसते, ती एकटी असते, आणि मुठीत धरल्याशिवाय डसत नाही. तिनं त्या गाडग्यात अळी किंवा कोळी टोचून, बधिर करून ठेवलेला असतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू तोच शिधा खातं आणि महिन्याभरात नवी कुंभारीण बाहेर पडते. कुंभारीण अळीला टोचून टोचून आपल्यासारखी करते, ही समजूत यातूनच आली, आणि आपल्या संतवाङ्मयात ती गुरु-शिष्याच्या दृष्टांतापर्यंत पोचली. दृष्टांत म्हणून तो सुंदरच आहे. फक्त अळीच्या बाजूनं कुणी तो सांगितला नाही. ते असो. कुंभारणीचं घर पाडायचं काही कारण नाही.

झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं एकच पातळ मोहोळ लोंबतं, ती फुलोरी मधमाशी. झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या घराच्या भिंतीत राहते ती सातेरी. कड्याला, उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीखाली हात-दीड हात रुंदीचं काळं लोंबतं मोहोळ म्हणजे आग्या. कार्ल्याच्या लेण्यांकडे आणि गडकिल्ल्यांवर लोकांच्या मागं लागते ती आग्या. तिच्याबद्दल बोलायचं तर वेगळं आवाहन लिहावं लागेल. या तिन्ही मधमाश्या आहेत. मधमाशीचा काटा दातेरी असतो, तो कातडीत अडकून राहतो आणि माशी मरते. गांधिलाचा काटा गुळगुळीत असतो. ती तुम्हाला पुन्हा पुन्हा डसू शकते.

आणि गांधील. त्यातही दोन तऱ्हा. एक बारीक कमरेची, पिवळसर किंवा तांबूस, तिचं पोळं उघड्या छत्रीसारखं पडवीच्या वाशाला किंवा करवंदाच्या जाळीत टांगलेलं, खालून घरं दिसतात. दुसरी अंगठ्याच्या पेराएवढी काळी, पोटावर नारिंगी-पिवळा रुंद पट्टा. ही झाडाच्या ढोलीत, दगडी बांधाच्या पोकळीत, वारुळाच्या भोकात, छपराच्या आढ्याला घर करते आणि त्यावर बहुतेकदा कागदाचं आवरण असतं. भीती धरायची ती हिची. ही पहिलीच्या पोळ्यांवर दरोडे घालते आणि त्यांची पिल्लं उचलून नेते, त्यामुळे तुमच्या पडवीतलं छोटं पोळं एका दुपारीत रिकामं दिसलं तर ते तुमच्या मंत्रानं गेलं असं समजू नका.

लहान पोळ्यांच्या बाबतीत एक खरं सांगायला हवं. दक्षिणेत सर्रास आढळणारी त्यातली एक जात बारा महिने पोळं चालवते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राघवेंद्र गदगकरांनी उभी हयात तिच्या अभ्यासात घातली. त्यांना आढळलं की या पोळ्यातली राणी सगळ्यात गरीब स्वभावाची असते, कुणाशी भांडत नाही, आणि तरी तिचं राज्य चालतं. तेव्हा प्रत्येक पोळं थंडीत ओस पडेलच असं वचन मी देत नाही. मोठ्या काळ्या गांधिलाचं मात्र थंडीच्या कडाक्यात उतरणीला लागतं आणि ओस पडलेल्या पोळ्यात ती सहसा परत येत नाही. जे थंडीत आपोआप रिकामं होणार आहे, त्यासाठी आज माणूस शिडीवर चढवायचा का, एवढाच हिशेब आहे.

यावर लोक म्हणतात, आमच्याकडच्या ठाकर-कातकरी पोरांना सांगतो, ती मोहोळं काढतात. काढतात, आणि त्यांच्यासारखं कसब कुणाच्या हातात नाही. पण ते कसब सातेरीचं, आग्याचं आहे. तिथं धुरानं माशी दबते आणि शेवटी मध मिळतो. गांधिलाच्या पोळ्यात मधाचा थेंब नसतो. दोनशे रुपयांसाठी पोरगं उघड्या अंगानं वर चढतं, कारण साहेबांच्या बायकोला झोपाळ्यावर बसायचं असतं. हे बंद करा. खरोखरच अडचण असेल, म्हणजे पोळं दाराच्या चौकटीवर असेल, अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या व्हरांड्यात असेल, घरात आधी डंखाची ॲलर्जी झालेलं माणूस असेल, तर ते काढायलाच हवं. तेव्हा पूर्ण पोशाख असलेला, हे काम रोज करणारा माणूस तळेगावातून किंवा पुण्यातून बोलवा, तो मागेल ते पैसे द्या. तो अंधार पडल्यावर काम करेल. त्या वेळी उजेड धरायला, बघायला, व्हिडिओ काढायला कुणी जायचं नाही.

शेतकऱ्यांसाठी वेगळं बोलतो, कारण त्यांना ‘लांब राहा’ म्हणून चालत नाही. इंद्रायणी भात कापायला आलं की खाचरात उतरावंच लागतं. ही इंद्रायणी आपल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ साली दिली, आणि तिच्यावरची पानं गुंडाळणारी अळी, लोंब्या तोडणारी लष्करी अळी उचलून नेण्याचं काम ही बांधावरची गांधील फुकटात करते. खोडकिड्यासाठी कृषी खात्याकडून ट्रायकोकार्ड आणून पानाला टाचता ना? त्या कार्डावर असतात त्याही गांधिलाच्याच कुळातल्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या चिमुकल्या माश्या. उंबर फोडल्यावर आत वळवळतात त्याही याच गोतावळ्यातल्या. त्या नसतील तर उंबराला बी धरणार नाही. म्हणून बांधावरचं पोळं जाळलं तर पुढच्या साली कीटकनाशकाचा एक पंप वाढेल, हे ध्यानात ठेवा.

कापणीच्या आदल्या दिवशी, ऊन चढल्यावर, बांधाच्या कडेनं सावकाश फेरी मारा. एका ठिकाणी माश्यांची सारखी ये-जा दिसली की तिथं पोळं आहे. पंधरा-वीस पावलांवर बांबू रोवून लाल फडकं बांधा. तेवढा तुकडा शेवटी, पहाटेच्या गारठ्यात, विळ्यानं, आवाज न करता कापा, नाहीतर तसाच सोडा. दोन पायल्या भातासाठी माणूस घालवू नका. बंगल्यांनाही हाच नियम, फक्त तिथं मशीन जास्त वाईट. गवत कापायच्या मशिनाचा हादरा जमिनीतून आणि झुडपातून पोळ्यापर्यंत पोचतो, आणि कानावर घरघर असल्यामुळे माळ्याला माश्या उठल्याचं कळतही नाही. एकीला चिरडलं तर तिच्या विषाच्या वासानं बाकीच्या त्याच जागी येतात. म्हणून माशी अंगावर बसली तर झटकू नका, फटका मारू नका, स्तब्ध राहून हळूहळू मागं सरा. पण झुंड उठली तर थांबायचं नाही. चेहरा आणि मान कापडानं झाकून सरळ पळा, घरात किंवा गाडीत शिरा, दार लावा. धरणाच्या पाण्यात उडी मारू नका. माशी वर घिरट्या घालत राहते आणि अंगात कपडे, पायात बूट घातलेला माणूस बुडतो.

ट्रेकला येणाऱ्या पोरांनो, ढाकच्या बहिरीकडे किंवा कुसूर घाटात जाताना अत्तर मारून, मोठ्या आवाजात स्पीकर लावून जाऊ नका. दिवाळीत बंगल्याच्या गच्चीवरून रॉकेट सोडताना समोरच्या आंब्याकडे एकदा बॅटरी मारून बघा. बाकी तुम्हाला सांगून तुम्ही ऐकाल अशी आशा मला कमीच आहे.

आता डंख बसल्यावर काय. एक-दोन डंख असतील आणि सूज तेवढ्याच जागी असेल तर साबण-पाण्यानं धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून लावा, हाताला डंख असेल तर अंगठी-बांगडी लगेच काढा. काटा राहिलेला दिसला तर ती मधमाशी होती, तो नखानं खरवडून ताबडतोब काढा. लोखंड घासणं, चुना, शेण यांनी काही साधत नाही, आणि शेणानं जखम चिघळते. पण अंगभर गांध्या उठल्या, ओठ-जीभ-पापण्या सुजल्या, आवाज बसला, धाप लागली, उलटी झाली, डोळ्यांपुढं अंधारी आली, यातलं एकही दिसलं तर डंख एकच असला तरी तो जिवावरचा आहे. हे मिनिटांत होतं. १०८ ला फोन करा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा, धाप असेल तर टेकवून बसवा, पण उभं करून चालवू नका. त्याला लागतं ते ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, आणि लवकर. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही.

दहा-बाराच्या वर डंख असतील तर माणूस कितीही ठणठणीत दिसला तरी दवाखान्यात न्या. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर त्याहून कमी डंखांवरही न्या. हे विष रक्तातल्या पेशी आणि अंगातले स्नायू फोडतं, आणि तो सगळा कचरा मूत्रपिंडांवर जातो. लघवी कमी होणं, चहाच्या रंगाची किंवा लाल होणं हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसू शकतं. मामांसारखं लाजू नका.

ग्रामपंचायतींना आणि आरोग्य खात्याला एक मागणी आहे. खांडी-सावळ्याकडून रात्रीची गाडी कान्हे फाट्यावर आणायला तासाच्या वर जातो, आणि मधल्या कितीतरी वाड्यांवर फोनला रेंज नसते. तेव्हा वाटेतल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात आणि उपकेंद्रात या दोन महिन्यांत ॲड्रेनॅलिन आहे का, त्याची मुदत संपली नाही ना, आणि ते द्यायला माहितगार माणूस हजर आहे का, हे ग्रामसभेत विचारा. आशाताईंनाही वरची लक्षणं पाठ असू द्या. ग्रामसभेला दहा मिनिटं लागतील. वाडीवर कुणाकडे चारचाकी आहे, त्याचा नंबर प्रत्येक घराच्या भिंतीवर खडूनं लिहा.

माझ्या स्वतःच्या आंब्याला यंदा काळ्या गांधिलाचं पोळं आहे, चांगलं कलिंगडाएवढं. खाली लाल फडकं बांधलंय. दूधवाला आता मागच्या दारानं येतो. थोडा कुरकुरतो, पण येतो.

तुमचा बंगला इथं असेल आणि तुम्ही हे पुण्यात किंवा मुंबईत बसून वाचत असाल, तर हे बाजूला ठेवा आणि आपल्या माळ्याला फोन लावा. गवत राहू दे, म्हणावं. आत्ताच लावा, कारण तो सकाळी सातला मशीन सुरू करतो.